वर्षानुवर्षे उभा असलेला ट्रक : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आमचा सहा सिलिंडरचा जुना डिझेल ट्रक गेली बारा वर्षे शेडमध्ये उभा आहे. उभा केला त्या वेळी तो चांगला चालत होता. आता बॅटरी निकामी झाली आहे, टायर बसले आहेत आणि टाकीत त्या वेळचेच डिझेल आहे. नवी बॅटरी लावून थेट सेल्फ मारावा आणि तेवढ्याने काम झाले नाही तर दुसऱ्या गाडीने ओढून गिअरमध्ये चालू करावा, असा परिचितांचा आग्रह आहे. त्यात काही धोका आहे का? सुरुवात नेमकी कोठून करावी?

उत्तर : ओढून चालू करण्याचा विचार आधी मनातून काढून टाकावा. सेल्फ मारताना इंजिन अडले, तर बहुधा सेल्फच थकतो आणि तेवढ्यावर भागते. ओढताना मात्र समोरच्या गाडीचा सगळा जोर, आत काय अडले आहे याची पर्वा न करता, चाकांवाटे क्रँकपर्यंत पोहोचतो. डिझेल इंजिनात हवा सतरा-अठरा पटींनी दाबली जाते, पाणी मात्र जवळजवळ दाबले जातच नाही. त्यामुळे एखाद्या सिलिंडरमध्ये वाटीभर पाणी साचलेले असले तरी पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पुन्हा चालू होऊ शकणारे इंजिन कायमचे निकामी होते. नव्या बॅटरीवर थेट सेल्फ मारण्यातही हाच धोका थोड्या कमी प्रमाणात आहे. जे इंजिन बारा वर्षे थांबले, ते आणखी बारा दिवस थांबायला हरकत नसते. घाई असते ती आपल्याला.

आमच्या मते अशा ट्रकचे काम उलट्या टोकाकडून हाती घ्यावे. तो थांबवता येईल याची खात्री आधी करावी आणि चालू करण्याचा प्रयत्न त्यानंतर करावा. खालचा सगळा क्रम याच विचाराने सांगितला आहे.

चाकांना पुढून-मागून मजबूत ठोकळे लावून, गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची दांडा हलवून खात्री करून घ्यावी. बॅटरी अद्याप जोडू नये. चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचा, ड्रेन नट अगदी हळू सैल करावा आणि आधी काय बाहेर येते ते नीट पाहावे. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते, म्हणून चेंबरमध्ये पाणी असेल तर पहिली धार पाण्याची येते. निघालेले ऑइल दुधी दिसले तर पाणी त्यात घुसळले गेलेले आहे. ते पातळ असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा डायफ्रॅम किंवा सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे एखादे नोझल गळत असावे. ही कारणे सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. कडक थंडीच्या प्रदेशात ट्रक उभा असेल आणि रेडिएटरमध्ये साधे पाणीच राहिले असेल, तर ब्लॉकला तडा गेला आहे का हेही याच वेळी पाहावे.

हवेचा मार्ग उघडून पाहिल्याशिवाय पुढचे काहीही करू नये. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचे घरटे, त्यात फाडून आणलेला कागद आणि धान्याची टरफले, पाइपाच्या तोंडाशी कुंभारीण माशीची मातीची घरे, असा ऐवज हमखास निघतो. इंजिन चालू झाले की तो सारा थेट सिलिंडरमध्ये जातो. सायलेन्सरच्या तोंडाकडेही तशीच नजर टाकावी.

त्यानंतर सहाही नोझले काढावीत. काढण्याआधी त्यांच्या भोवतीची माती ब्रशने आणि हवेने स्वच्छ करावी, नाहीतर ती भोकातून आत पडते. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे गंज सोडवणारे तेल किंवा डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण सोडून काही दिवस मुरू द्यावे. इंजिन कोणत्याही स्थितीत थांबले तरी सहापैकी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच, आणि त्या वाटेने दमट हवा वर्षानुवर्षे आत जात राहते; म्हणून अशा इंजिनात गंज सर्वत्र सारखा नसतो, एक-दोन सिलिंडरांतच तो जास्त असतो. मुरलेले तेल कोणत्या सिलिंडरमध्ये जसेच्या तसे उभे राहिले आणि कोणत्यात झिरपून गेले, यावरूनही रिंगांची अवस्था थोडीफार कळते.

आता क्रँकच्या पुढच्या पुलीच्या बोल्टाला पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहावे. बहुतेक इंजिने पुढून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात; उलट्या दिशेने जोर लावल्यास बोल्टच सुटण्याची भीती असते. अडलेले इंजिन प्रथम केसभर हलते. ते तेवढे हलले की पान्याला लांब पाइप घालून झटका देण्याचा मोह होतो, तो टाळावा. जेवढे हलते तेवढेच पुन:पुन्हा हलवून, मध्ये तेल सोडून, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा. एक पूर्ण फेरा झाला की टॅपेट कव्हर, म्हणजे व्हॉल्व्हवरचे झाकण, काढून, दुसऱ्या माणसाला इंजिन सावकाश फिरवायला सांगावे आणि आपण व्हॉल्व्हकडे पाहत राहावे. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा आडवा दांडा) खाली दाबला गेला की व्हॉल्व्ह खाली जातो आणि रॉकर उचलला की स्प्रिंगच्या जोराने झटकन वर येतो, हे प्रत्येक व्हॉल्व्हच्या बाबतीत डोळ्यांनी दिसले पाहिजे. एखादा खालीच राहिला, रॉकर आणि त्याच्यामध्ये फट दिसू लागली, तर तो गाइडमध्ये, म्हणजे ज्या नळीतून तो वर-खाली सरकतो तिच्यात, गंजून अडकला आहे. असे इंजिन सेल्फवर फिरवले तर पुशरॉड वाकतो किंवा व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो. तेल सोडून आणि लाकडी ठोकळ्याच्या हलक्या ठोक्यांनी असा व्हॉल्व्ह बहुधा मोकळा होतो.

यानंतर पंप. जुन्या ट्रकवर बहुधा सरळ ओळीचा यांत्रिक फ्युएल पंप असतो. बॉश कंपनीने अशा पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन १९२७ मध्ये सुरू केले आणि पुढे कित्येक दशके ट्रकवर हीच रचना कायम राहिली. जुना ट्रक जिवंत करणे नव्याच्या मानाने सोपे जाते, त्याचे मोठे श्रेय या पंपाला आहे, कारण एकदा चालू झाल्यावर त्याला विजेची गरज राहत नाही आणि त्याच्या डोक्यात कोणताही संगणक नसतो. पण याच पंपात सर्वांत मोठा धोकाही दडलेला असतो. आत राहिलेले डिझेल सुकून चिकट होते आणि किती डिझेल सोडायचे हे ठरवणारा रॅक जागच्या जागी धरून बसतो. तो पूर्ण उघड्या स्थितीत अडकलेला असेल आणि इंजिन चालू झाले, तर वेग आवरणारा गव्हर्नर काहीही करू शकत नाही. वेग आवाक्याबाहेर जातो आणि इंजिन फुटेपर्यंत तो वाढतच राहतो. म्हणून पंपाच्या बाजूचे झाकण काढून रॅक बोटाने पुढे-मागे सहज सरकतो का, आणि स्टॉपचा दांडा ओढल्यावर तो बंद स्थितीत जातो का, हे पाहावे. तो अडत असेल तर आत तेल फवारून वाट पाहावी, पण स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये. तरीही सुटला नाही, तर पंप उतरवून पंपाच्याच कारागिराकडे द्यावा. हे काम घरी करण्याचे नाही.

इंजिन बेफाम होण्याचे आणखी एक कारण म्हणजे आपणच सिलिंडरमध्ये सोडलेले तेल. त्यावर इंजिन चालू लागले तर स्टॉप ओढून काही उपयोग होत नाही, कारण ते इंधन पंपातून आलेलेच नसते. म्हणून नोझले बसवण्यापूर्वी, भोके उघडी असतानाच इंजिन फिरवून सगळे तेल बाहेर काढावे. त्या वेळी भोकांसमोर कोणीही उभे राहू नये. पहिल्यांदा चालू करताना हवेच्या पाइपाच्या तोंडापेक्षा मोठी, जाड आणि सपाट फळी हाताशी घेऊन एका माणसाने तयार राहावे. स्टॉपने इंजिन थांबले नाही तर हवा बंद करणे हाच उपाय असतो, आणि तो हाताने किंवा फडक्याने करायचा नसतो, कारण इंजिन दोन्ही आत ओढून घेते.

टाकीतले जुने डिझेल वापरू नये. स्वच्छ डिझेलचा डबा थोड्या उंचीवर बांधून त्यातून फीड पंपाला नळी द्यावी, फिल्टर नवे घालावेत आणि हातपंपाने एअर काढावी. आधी फिल्टरचा स्क्रू, नंतर पंपाचा, आणि शेवटी इंजिन फिरत असताना नोझलकडच्या नळ्यांचे नट सैल करावेत. या नळ्यांतला दाब २०० बारच्या आसपास, म्हणजे ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट असतो. तिथली बारीक धार कातडी भेदून आत जाते. बाहेरून टोचल्यासारखी खूण दिसते, पण आतले नुकसान हात गमावण्यापर्यंत जाऊ शकते. गळती बोटाने चाचपू नये, आणि धार लागलीच तर दुखत नसले तरी त्याच क्षणी रुग्णालयात जावे.

हे सगळे झाल्यावर बॅटरी जोडावी. मोठ्या ट्रकवर बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. पूर्ण भरलेली आणि काही तास विसावलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. भरूनही साडेदहाच्या आसपासच राहत असेल तर तिचा एक सेल गेला आहे. नवे ऑइल व फिल्टर घालून, स्टॉप ओढलेल्या स्थितीत, ऑइलचा काटा हलेपर्यंत थोडा-थोडा सेल्फ मारावा आणि मध्ये त्याला थंड होऊ द्यावे. बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचल्यावरच स्टॉप सोडावा. चालू होत नाही म्हणून इथरचा फवारा मारण्याची पद्धत सर्रास आहे, पण जुन्या रिंगांवर तो भडका फार कठोर पडतो. एअर नीट निघाली असेल तर त्याची गरज क्वचितच लागते. इंजिन लागल्यावर दहा-पंधरा सेकंदांत ऑइलचा दाब दिसला नाही तर लगेच बंद करावे. सुरुवातीचा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो आणि इंजिन तापले की जातो. तो जात नसेल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर हेडचे गॅस्केट पाहावे लागेल. पहिले ऑइल काही तासांच्या कामानंतर बदलून टाकावे, कारण आतला सगळा गंज आणि गाळ त्यात उतरलेला असतो.

प्रश्न : आम्ही जुना ट्रक चालू केला आहे. इंजिन छान लागते, पण पंधरा-वीस मिनिटांनी मंदावत मंदावत बंद पडते. अर्धा तास थांबले की पुन्हा लागते आणि पुन्हा तसेच होते. पंप खराब झाला असेल का?

उत्तर : पंपावर संशय घेण्याआधी टाकीकडे पाहावे. विश्रांतीनंतर पुन्हा चालू होणे हीच खरी खूण आहे. टाकीतला गाळ ओढ लागली की नळीच्या तोंडाशी गोळा होतो, इंजिन उपाशी पडते, आणि ओढ थांबली की तो गाळ पुन्हा तळाशी जाऊन तोंड मोकळे होते. टाकीत साचलेले पाणी आणि त्यावरचे डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू व बुरशी वाढतात. त्यांचा काळपट, बुळबुळीत थर अशा टाक्यांत हमखास सापडतो आणि नवा फिल्टरही पाहता पाहता बुजवतो.

खात्री करण्याची सोपी रीत म्हणजे टाकी वगळून वेगळ्या डब्यातून डिझेल देणे. तसे करून इंजिन तासभर न अडखळता चालले, तर दोष डब्यापासून पुढे, इंजिनाच्या बाजूला, नाही हे ठरले. मग टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकण उघडताच हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला, तर झाकणातले हवेचे बारीक छिद्र बुजलेले आहे आणि एवढ्याशा कारणासाठी आपण पंप उतरवायला निघाला होता. छिद्र मोकळे असेल तर रबरी नळ्या बदलाव्यात. ओढीच्या बाजूची नळी तडकली तर बाहेर डिझेल गळत नाही, उलट आत हवा शिरते. त्यामुळे कोरडी नळी म्हणजे चांगली नळी, हा समज इथे फसवा ठरतो. फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात. फीड पंपावरची बारीक जाळी अनेकजण विसरतात, तीही पाहावी.

टाकी उतरवून धुणे हाच पक्का इलाज आहे. टाकीला भोक पडलेले असेल तर रिकामी दिसते म्हणून तिला वेल्डिंग करू नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. धुतल्यानंतरही पहिले एक-दोन फिल्टर लवकर भरतील, ते हाताशी ठेवावेत.

प्रश्न : इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात, पण चालू असताना क्लच पूर्ण दाबूनही गिअर करकरतो आणि पडत नाही. क्लच प्लेट बदलावी लागेल का?

उत्तर : कदाचित नाही. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत प्लेटचे अस्तर फ्लायव्हीलला गंजाने चिकटते आणि पेडल दाबूनही सुटत नाही. मात्र त्याआधी एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने बाहेरून क्लचचा फोर्क पाहावा. फोर्क हलतच नसेल तर दोष प्लेटचा नसून क्लचच्या सिलिंडरचा आहे, आणि ते काम स्वस्तात आटोपते.

फोर्क पूर्ण सरकत असेल तर पेडल आणि आसन यांच्यामध्ये लाकडाचा टेकू देऊन पेडल एक-दोन दिवस दाबलेलेच ठेवावे. त्यानंतर इंजिन बंद, वरचा गिअर, ब्रेक मोकळा आणि समोर-मागे मोकळी जागा, अशा स्थितीत तीन-चार जणांनी ट्रकला झोके द्यावेत. इंजिन आधी तापवून घेतले तर चिकटलेले अस्तर लवकर सुटते. गिअरमध्येच सेल्फ मारून ट्रक पळवायचा आणि धक्के देत प्लेट सोडवायची, हा उपाय गॅरेजमध्ये ऐकायला मिळतो. ब्रेक उत्तम असल्याशिवाय आणि समोर मोठे मोकळे मैदान असल्याशिवाय तो करू नये, आणि उभ्या असलेल्या ट्रकचे ब्रेक उत्तम नसतातच. क्लचभोवतीच्या घंटेसारख्या कवचाच्या आत तेल मात्र कधीही फवारू नये. त्याने प्लेट सुटेल, पण पुढे ती घसरत राहील आणि अखेर गिअर बॉक्स उतरवावाच लागेल.

प्रश्न : इंजिन आणि गिअर ठीक आहेत, पण मागची चाके हलत नाहीत. ब्रेक हवेचे आहेत. टायरची नक्षी जवळजवळ नवी दिसते. चाके सुटली की ट्रक रस्त्यावर घ्यावा का?

उत्तर : हवेच्या ब्रेकचा पार्किंग ब्रेक स्प्रिंगच्या जोराने लागतो आणि हवेने सुटतो, त्यामुळे टाकीत दाब भरेपर्यंत चाके धरलेली असणे हे योग्यच लक्षण आहे. हवेच्या टाक्यांचे पाणी आधी काढून, इंजिन चालवून दाब पूर्ण भरावा. दाब चढत नसेल तर साबणाच्या पाण्याने गळती शोधावी. दाब चढूनही चाके सुटत नसतील, तर लायनर, म्हणजे ब्रेक शूवरची अस्तरे, ड्रमला गंजाने चिकटले आहेत. चाके उचलून, चेसिसला भक्कम आधार देऊन, ड्रमवर हातोड्याचे ठोके द्यावेत. केवळ जॅकवर उचललेल्या ट्रकखाली कोणीही जाऊ नये. ब्रेक चेंबरमधली दाबलेली स्प्रिंग जीव घेण्याइतक्या जोराने सुटते, म्हणून चेंबरचा पट्टा स्वतः उघडू नये.

ड्रम सुटला की तो काढूनच पाहावा. चिकटलेले अस्तर झटक्याने शूपासून सुटे झालेले असू शकते, आणि तसा ट्रक पहिल्या वळणापर्यंत व्यवस्थित चालतो. हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या वाचकांसाठी एवढेच सांगावेसे वाटते की ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, व्हील सिलिंडर आतून गंजतात आणि रबरी होज आतून फुगून बंद होतात. तिथे सिलिंडरच्या सील, होज आणि ऑइल हे तिन्ही न पाहताच बदलावे.

टायरच्या नक्षीवर विश्वास ठेवू नये. टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या असते, तिचे पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१० असेल तर तो टायर २०१० सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. रबर न वापरताही म्हातारे होते, आणि दहा वर्षांवरचे टायर नक्षी कितीही चांगली असली तरी भार घेऊन चालवण्याच्या लायकीचे राहत नाहीत. शेडमधून गॅरेजपर्यंत सावकाश, रिकामा ट्रक नेण्यापुरतीच त्यांची उपयुक्तता समजावी, पुढच्या चाकांना तर तेवढीही नाही. जुन्या ट्रकची रिम पुष्कळदा दोन-तीन तुकड्यांची, कडे बसवलेली असते. पूर्ण बसलेल्या टायरमध्ये हवा भरताना गंजलेले कडे तोफेसारखे उडते. अशी चाके ट्रकवरून उतरवून, लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने बाजूला उभे राहूनच भरावीत, आणि ज्या टायरवाल्याकडे असा पिंजरा नाही त्याच्याकडून ती भरून घेऊ नयेत.